अप्पांच्या पोटासाठी कोणतं देऊ

मेडिकलवाल्याने विचारलं, "कोणतं देऊ?" आणि माझं डोकं फिरलं. कोणतं ते मला माहीत असतं तर मी त्याच्या दुकानात पाऊण तास उभी कशाला राहिले असते? डॉक्टरांनी चिठ्ठीवर नाव लिहिलं नव्हतं. "प्रोबायोटिक सुरू करा, कुठलंही चांगलं चालेल," असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं होतं. 'कुठलंही' आणि 'चांगलं' हे दोन शब्द एका दमात म्हणायला सोपे असतात. त्यातला एक डबा निवडून घरी न्यायचा असतो तेव्हा घाम फुटतो.

क्रांती चौकातलं दुकान, संध्याकाळची वेळ. मागून एक जण माझ्या खांद्यावरून हात लांबवून खोकल्याचं औषध मागत होता, आणि माझ्यासमोर काचेवर सात डबे मांडलेले. एकावर लिहिलेलं पाच अब्ज जिवाणू, दुसऱ्यावर पंधरा, तिसऱ्यावर पन्नास. एकात एकाच जातीचे, एकात चौदा जातींचे. एक गोळी, एक पावडरची पुडी, एक चॉकलेटच्या चवीचं.

"जास्त अब्जवालं चांगलं असतं का?" मी विचारलं.

"लोक नेतात, मॅडम."

"गुण कशाचा येतो?"

"ज्याला ज्याचा येतो त्याला त्याचा येतो."

एका डब्यावर ठळक अक्षरात लिहिलं होतं, थंड जागी ठेवा. तो डबा दुपारभर उन्हाकडच्या शोकेसमध्ये उभा असणार, हे उघड होतं. मी म्हटलं, "हे फ्रिजमध्ये नको होतं का?" तो म्हणाला, "घरी नेल्यावर ठेवा ना." मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. आठवीच्या मुलांना सूक्ष्मजीवांचा धडा शिकवून मला वीसेक वर्षं झाली. दह्यातले जिवाणू, खमिरातलं यीस्ट, सगळं फळ्यावर काढून दाखवते. आणि त्या काउंटरसमोर मी अगदी अडाण्यासारखी उभी होते. शेवटी मधल्या आकड्याचा डबा उचलला. अब्जांचा भाजीसारखा अंदाज घेऊन.

हे सगळं अप्पांसाठी. अप्पा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून ते माझ्याकडेच असतात. माझे यजमान नोकरीमुळे बाहेरगावी, मुलगी शिकायला पुण्याला, त्यामुळे आठवडाभर घरात आम्ही दोघंच. गणपतीच्या सुमारास अंगणातल्या पत्र्याने अप्पांची पोटरी कापली, त्यात पू झाला आणि डॉक्टरांनी दहा दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स दिला. जखम छान भरली. पोट मात्र जे बिघडलं ते बिघडलं. दिवसातून पाच-सहा वेळा उठायचं, जेवण झालं की लगेच धावायचं. तपासण्या केल्या, त्यात काही निघालं नाही. माणूस घाबरून अर्धी भाकरी खाऊ लागला, मग चतकोर. फाटकापर्यंत जायचं म्हटलं तरी आधी संडासच्या दाराकडे बघायचा.

एरवी मी इतकी उतावीळ झाले नसते. पण त्या वर्षी आमच्या हातात दिवस मोजके होते, ते चाचांमुळे.

चाचा अप्पांचे दोस्त. दोघांनी एसटीच्या वर्कशॉपमध्ये बॅटरी सेक्शनला सगळी नोकरी एकत्र काढली. वर्कशॉपमध्ये चाचांना सगळे उस्ताद म्हणायचे, अप्पा अजूनही म्हणतात. चाचा अप्पांना भाऊ म्हणतात. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर सोडून दुसरं पाणी घालायचं नाही, हा त्या सेक्शनचा पहिला नियम. नवीन माणूस आला की हे दोघं त्याच्यापुढे दोन मग ठेवायचे, एकात नळाचं पाणी आणि एकात डिस्टिल्ड, आणि डोळे मिटून हुंगायला लावायचे. ज्याला फरक कळायचा नाही त्याला आठवडाभर चहा आणायचं काम. लहानपणी अप्पांचा डबा द्यायला गेले की मलाही हुंगायला लावायचे. मला कधीच कळलं नाही.

दर वर्षी दसरा झाला की हे दोघं एका सकाळी एसटीत बसून दौलताबादला जायचे. किल्ल्याखाली रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या टोपल्या घेऊन बायका बसतात. तिथे दगडावर बसून दोघं सीताफळं खायची, बिया थुंकायच्या, वर्कशॉपच्या साहेबांना मनसोक्त शिव्या द्यायच्या आणि दुपारच्या गाडीने परत यायचं. इतक्या वर्षांत दोघांनी किल्ला एकदाही चढलेला नाही. मी चिडवायचे, "अप्पा, वर तोफ आहे म्हणे," तर म्हणायचे, "तोफ का खाता येती व्हय?"

त्या वर्षी चाचांच्या मुलाने त्यांना कायमचं हैदराबादला न्यायचं ठरवलं होतं. गुडघे गेलेले, चाची नाहीत, एकट्याने राहायचं कसं? दसरा झाला की पंधरा-वीस दिवसांत निघायचं. म्हणजे दौलताबादची ही शेवटची खेप. दोघं फोनवर रोज ठरवायचे. चाचा विचारायचे, "भाऊ, पेट कैसा है?" आणि अप्पा म्हणायचे, "होतंय, होतंय. जाऊ आपण." फोन ठेवला की लगेच उठायचे.

पाऊण तासाची एसटी आणि वाटेत कुठे थांबायची सोय नाही. जायचं असेल तर पोट थाऱ्यावर यायला हवं होतं. माझ्या डोक्यात तेवढं एकच बसलं.

तर पहिला डबा. तो कॅप्सूलचा होता. अप्पांना कॅप्सूल गिळता येत नाही, घशात अडकते. म्हणून मी ती उघडून आतली पावडर ग्लासभर पाण्यात कालवून द्यायचे. सात दिवस दिली, ढिम्म फरक नाही. पुन्हा दुकान, पुन्हा तेच "कोणतं देऊ". या वेळी पुड्या घेतल्या. त्याही पाण्यातच. शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं की त्यांच्या सासूबाईंना पन्नास अब्जवाल्यानेच गुण आला, तर पन्नास अब्जवालं आणलं. दुसऱ्या बाई म्हणाल्या, "अहो, दही द्या, कशाला हे?" दही तर अप्पा जन्मभर खात आलेत. मुलीने पुण्याहून एक बाटली कुरिअरने पाठवली. ती ऑक्टोबरच्या उन्हात चार दिवस कुठे कुठे फिरून आली. वर परत लिहिलेलं, थंड जागी ठेवा. मी फोनवर तिच्यावरच खेकसले. बिचारीने प्रेमाने पाठवली होती. पण मला आता प्रेम नको होतं, मला कुणीतरी एकाने छातीठोकपणे सांगायला हवं होतं की हे घ्या आणि याने थांबेल. तसं सांगणारा एकही माणूस या शहरात नव्हता. डॉक्टरांनाही पहिला डबा आणला तेव्हाच फोन केला होता, तर ते म्हणाले, "थोडा वेळ द्या. आणि पाणी एकदम शुद्ध असू द्या, हे महत्त्वाचं."

पाणी! आमच्याकडे पाणी म्हटलं की कुणाच्याही तळपायाची आग मस्तकात जाते. पैठणला एवढं थोरलं धरण, आणि आमच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा आला तरी लोक एकमेकांना फोन करून सांगतात. आलेलं पाणी टाकीत, पिंपात, बादल्यांत, पातेल्यांत, जिथे मावेल तिथे भरून ठेवायचं आणि पुढचे दिवस ते पुरवायचं. फिल्टर आहे, पण त्याला लागतो तेवढा नळाला जोर नाही, म्हणून तो भिंतीवर शोभेला. जारवाल्याचं पाणी घेत होतो, ते मी अप्पांच्या आजारपणात बंद केलं. कुठून भरून आणतो कोण जाणे. त्यापेक्षा आपल्या डोळ्यांदेखत शुद्ध केलेलं बरं, म्हणून क्लोरीनच्या थेंबांची बाटली आणली. पिण्याचं पाणी स्टीलच्या टाकीत वेगळं काढायचं, त्यात थेंब टाकायचे, झाकायचं. डॉक्टरांनी 'एकदम शुद्ध' म्हटल्यावर मी थेंब दुप्पट केले. मी विज्ञानाची शिक्षिका. कुठलंही काम अर्धवट करत नाही.

पहिल्याच दिवशी अप्पांनी ग्लास तोंडाजवळ नेला आणि थांबले.

"पोरी, वास येतोय."

"औषधाचा असेल."

"औषधाचा नाय. पाण्याचा हाय."

मला शाळेची घाई होती. मी म्हटलं, शुद्ध केलेलं पाणी आहे, थोडा वास येणारच. त्यांनी नाक मुरडून प्यायलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. पुड्या सुरू केल्या तेव्हा पुन्हा. तेव्हा मात्र माझा तोल गेला. मी सकाळी पाचला उठून त्यांची पेज करत होते, शाळेतून थेट मेडिकलला जात होते, डब्यांवरची मुंगीएवढी अक्षरं चष्मा चढवून वाचत होते, आणि यांचं वास येतो, वास येतो चाललेलं. मी ग्लास टेबलावर आपटला. थोडं पाणी सांडलं.

"अप्पा, नखरे पुरे झाले. उस्तादांबरोबर दौलताबादला जायचंय ना? मग नाक धरा आणि प्या."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, ग्लास उचलला आणि सगळा पिऊन टाकला. त्यानंतर त्यांनी वासाचं नाव काढलं नाही. मला बरं वाटलं. चला, एक कटकट मिटली.

दसरा आला आणि गेला. चाचांनी सोनं द्यायला म्हणून फोन केला, "भाऊ, हमारा सोना दौलताबाद में लेना तुम." अप्पांनी दोनदा जायचा दिवस ठरवला. एकदा तर सकाळी धोतर बदलून, टोपी घालून, पिशवी घेऊन खुर्चीवर बसले होते. बसल्या जागेवरून तीनदा उठले. चौथ्यांदा परत आले ते टोपी खुंटीला लावूनच. मी स्वयंपाकघरात उभी राहून त्या सगळ्या डब्यांकडे बघत होते. फ्रिजच्या दारात अंड्यांच्या जागी पुड्या, वरच्या कप्प्यात बाटली, खाली कॅप्सूल. एवढे अब्ज जीव घरात आणि एकाला म्हणून काम करता येत नाही! वाटलं, सगळं उचलून फेकून द्यावं. दिलं नाही. दुसऱ्या दिवशी आणखी एक डबा आणला, वेगळ्याच कंपनीचा.

मग चाचाच आले. उद्या सकाळची गाडी होती, म्हणून निरोप घ्यायला. रिक्षातून उतरून काठी टेकत आत आले, अप्पांच्या शेजारी बसले. मग चाचा म्हणाले, "मैं टोकरी लेके आने वाला था. फिर सोचा, तुम खा नहीं सकते और मैं सामने खाऊँ, अच्छा नहीं लगता."

मी पाणी आणून दिलं. चाचांनी ग्लास तोंडाला लावला आणि तसाच खाली घेतला. पुन्हा नाकाशी नेला.

"बेटा, ये पानी में क्या डाले तुम?"

"क्लोरीन, चाचा. शुद्ध करायला. डॉक्टरांनी सांगितलंय."

"कितना डाले?"

मी सांगितलं. टेबलावर पुडी पडली होती, ती उचलून त्यांनी डोळ्यांजवळ धरली. "ये भाऊ की दवा? इसी पानी में घोलते?"

"हो."

"इस में क्या रहता?"

"जिवाणू असतात, चाचा. चांगले. जिवंत." आणि हे शब्द माझ्या तोंडून निघत असतानाच मला कळलं. चाचा सावकाश म्हणत होते, "बेटा, बॅटरी में भी हम ऐसा पानी नहीं डालते थे," पण ते मला नीट ऐकू येत नव्हतं. वीस वर्षं मी फळ्यावर लिहीत आले आहे की पाण्यात क्लोरीन मिसळल्याने जिवाणू मरतात. मुलांना परीक्षेत विचारते. उत्तर न आलेल्यांना उभं करते. आणि सकाळ-संध्याकाळ मी स्वतःच्या हाताने दुप्पट क्लोरीनच्या पाण्यात महागाचे जिवाणू कालवून ते वडिलांना पाजत होते. पाच अब्ज की पन्नास, चौदा जाती की एक, यावर मी रात्रंदिवस डोकं फोडत होते. पाण्याकडे मी एकदाही पाहिलं नाही.

मी पुड्यांच्या डब्यातली घडी घातलेली चिठ्ठी काढली. क्लोरीन टाकलेल्या किंवा गरम पाण्यात मिसळू नये. लिहिलेलं होतं! मुंगीएवढ्या अक्षरांत, शेवटून दुसऱ्या ओळीत. जिवाणूंचे आकडे मात्र डब्यावर बोटभर उंचीचे. त्या लिहिणाऱ्यांचा मला असा काही राग आला की काय सांगू. पण तो राग मी फार वेळ धरू शकले नाही. एवढी सगळी अक्षरं वाचणारी मी, हीच ओळ कशी सोडली?

चाचा दुसऱ्या दिवशी गेले. अप्पांना स्टेशनवर न्यायचं होतं, तेही जमलं नाही. अप्पांनी फोनवरच खुदा हाफिज म्हटलं आणि फोन माझ्या हातात देऊन न्हाणीघरात गेले.

त्या दिवसापासून मी पाणी उकळून, गार करून, त्यात पुडी देऊ लागले. कुठली? जी हाताला लागली ती. आठ-दहा दिवसांत पोट जागेवर आलं. डॉक्टरांना सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, आपोआपही आलं असतं कदाचित, एवढा वेळ लागतोच काहींना. म्हणजे पुडीने बरं झालं, पाणी बदलल्याने झालं, का दिवस भरले म्हणून झालं, हेही मला कुणी सांगू शकलं नाही. आणि मी विचारायचंही सोडून दिलं. चाचा गेल्यावर ते कळून काय करायचं होतं?

एका संध्याकाळी अप्पा अख्खी भाकरी खात बसले होते. मी समोर बसले आणि एकदाचं विचारलं.

"अप्पा, वास येतो असं तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणाला होता."

"व्हय."

"तुम्हाला कळलं होतं ना, पाण्यात काहीतरी जास्त आहे म्हणून?"

"जल्म गेला पाणी हुंगण्यात. कळनार नाय तर काय?"

"मग नंतर का नाही बोललात? ग्लास फेकून का नाही दिलात माझ्या अंगावर?"

अप्पांनी घास चावून संपवला. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "तू म्हणलीस, उस्तादासंगं जायचं आसंल तर प्या. मला जायचं व्हतं. म्हणून पेलो."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. तिथे ओट्याशी उभी राहून रडले, आणि रडतानाही स्वतःचा संताप येत होता. घरात एकच माणूस असा होता की ज्याला पाण्यातलं कळत होतं. त्याचं तोंड मी त्याच्याच दोस्ताचं नाव घेऊन बंद केलं.

दिवाळी झाल्यावर मी एक रजा टाकली आणि अप्पांना दौलताबादला घेऊन गेले. एसटीतच. वाटेत ते एकदाही अस्वस्थ झाले नाहीत. खिडकीतून बाहेर बघत होते. हंगाम संपत आला होता. किल्ल्याखाली टोपल्या घेऊन दोनच बायका बसल्या होत्या आणि फळं काळपट पडलेली. अप्पांनी नेहमीच्या दगडावर बसून एक फोडलं, अर्धं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "उस्तादाला लाव की फोन."

मी व्हिडिओ कॉल लावून फोन त्यांच्यापुढे धरला. पडद्यावर चाचा आले, मागे कुणाचा तरी टीव्ही चालू. अप्पांनी सीताफळ वर करून दाखवलं, मग मागचा किल्ला दाखवला. चाचांनी चष्मा पुसला.

"भाऊ, मीठा है क्या?"

"लई गोड हाय, उस्ताद," अप्पा म्हणाले. "एवढं गोड तर आपुन कधीच खाल्लं नाय."

त्याच सीताफळाचा दुसरा अर्धा भाग माझ्या तोंडात होता. पाणचट होता. अप्पा खाली मान घालून एकेक बी थुंकत होते आणि फोनमधून चाचा म्हणत होते, "अच्छा किया गए. अच्छा किया." मी फोन दोन्ही हातांनी धरून ठेवला.